सोन्याचं मांजर

मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आमच्या लहानपणी घरोघरी सांगत. उंबऱ्याशी आलेल्या मांजराला चप्पल फेकून मारणाऱ्या पोरांना तेवढा धाक पुरे होई. सोनं किती, ते घेणार कोण, हे विचारायची आमची प्राज्ञा नव्हती. हिंदी कथाकार भगवतीचरण वर्मा यांनी मात्र हा सगळा हिशेब ‘प्रायश्चित’ नावाच्या गोष्टीत मांडून ठेवलाय. वैतागलेली सून मांजरावर पाट फेकते, ते निपचित पडतं, पंडितजींना बोलावणं जातं आणि सोन्याचं मांजर किती तोळ्यांचं घडवायचं यावर घासाघीस सुरू होते. सौदा अकरा तोळ्यांपर्यंत खाली उतरतो आणि तेवढ्यात मोलकरीण सांगत येते, मांजर उठून पळून गेलं.

आमच्या म्हाताऱ्या मांजरीला, ठकीला, कायमचं झोपवणारं इंजेक्शन देऊन आल्यानंतर ही गोष्ट आठवली तेव्हा हसू आलं नाही, त्या सुनेचा हेवा वाटला. तिचं मांजर पळून गेलं याचा नाही. तसं गोष्टीतच होतं. हेवा वाटला तो आकड्याचा. पंडितजी लोभी असतील, पण त्यांनी पापाला वजन दिलं होतं. तेवढं मोजून दिलं की सुटका. मला मात्र भेटेल तो ‘तू योग्यच केलंस’ म्हणत होता. वाक्य मायेचं, पण त्याने काही फिटत नाही. कारण चुकलेल्या माणसालाही ते तितक्याच मायेने म्हणता येतं.

ठकीची मूत्रपिंडं निकामी होत आली होती. म्हाताऱ्या मांजरांचा हा नेहमीचा आजार. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं रिपोर्टात दिसू लागतं, तोवर मूत्रपिंडांचं सुमारे तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं. म्हणजे बातमीच मुळात उशिरा येते. त्याआधी मांजर जास्त पाणी पितं, वाळत जातं आणि घरातले म्हणतात, वय झालं आता. मग अन्नावरची वासना उडते, उलट्या होतात, तोंडात व्रण येतात, श्वासाला अमोनियासारखा दर्प येतो. औषधांनी हे मागे फिरत नाही, वेग कमी होतो इतकंच. रोज संध्याकाळी मी खिडकीच्या गजाला रिंगर लॅक्टेटची बाटली टांगायची आणि ठकीच्या मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून खाली सुई घालायची. तिच्या पाठीवर बैलासारखं छोटं वशिंड यायचं आणि रात्रभरात जिरायचं. सुरुवातीला ती नखं काढायची. पुढे बाटली दिसली की आपणहून येऊन बसू लागली. तेव्हा मला तो तिचा समजूतदारपणा वाटला. आता वाटतं, पळायची ताकद उरली नसेल. तिच्या प्रत्येक आठवणीला असे दोन अर्थ फुटतात आणि दोन्ही खरे वाटतात.

अमेरिकेतल्या ॲलिस व्हिलालोबोस या पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये आजारी जनावराच्या मालकांसाठी एक गुणपत्रिका तयार केली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी. प्रत्येकीला दहापैकी गुण. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर जगणं अजून सुसह्य आहे असं धरायचं. मी जन्मभर मुलांचे पेपर तपासले, पण इतकी कधी अडले नव्हते. भुकेला गुण देता येतात, बशी दिसते. आनंदाला किती द्यायचे? पंख्याखाली पडल्या पडल्या शेपटीचं टोक हललं तर दोन की चार? आणि माझ्याच हातात पेन असताना मी एखादा गुण वाढवत नाही कशावरून? किंवा, जास्त थकलेल्या रात्री, कमी करत नाही कशावरून?

पशुवैद्यांमध्ये एक वाक्य फार प्रचलित आहे: एक दिवस उशीर होण्यापेक्षा आठवडाभर लवकर केलेलं बरं. आमच्या डॉक्टरांनीही ते सांगितलं. ऐकताना धीर आला. घरी आल्यावर लक्षात आलं, की लवकर गेलेल्या मांजराचा तो आठवडा कोणालाच बघायला मिळत नाही. तो खिडकीतल्या उन्हात गेला असता की उलट्यांमध्ये, याला साक्षीदार नाही. शंकेला राहायला तेवढी जागा पुरते.

ठरलेल्या दिवशी सकाळी ठकी जेवली.

हे ज्यांनी केलंय त्यांच्यातल्या अनेकांकडे अशी एक सकाळ असते. आधी चिकन उकडलेलं पाणी चाटलं, मग दोन तुकडे खाल्ले, मग मान वर करून गजाबाहेरच्या कबुतराकडे बघत दात किटकिटवले. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. म्हणाली, ‘‘अगं, ही तर बरी झाली. फोन करून नको म्हणून सांग.’’

मी फोन केला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की काल उलटी थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं, सलाइनही गेलंय. मळमळ उतरली की भूक परत येते, मूत्रपिंडं परत येत नाहीत.

‘‘मग थांबू या का?’’

‘‘थांबता येईल, ताई. मी नको म्हणणार नाही.’’

त्यांनी ठाम ‘हो’ किंवा ठाम ‘नाही’ म्हणायला हवं होतं, असं मला पुढे बरेच दिवस वाटत राहिलं. त्यांचा प्रामाणिकपणा मला परवडत नव्हता. त्यांना माहीत नव्हतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि निर्णय होता तिथेच, माझ्या पदरात राहिला. मी वाईट दिवसाची वाट बघू शकले असते. वाईट दिवशी नेलं असतं तर माझं मन निवांत राहिलं असतं. मात्र तिचा शेवटचा दिवस वाईट गेला असता. माझ्या निवांतपणाची किंमत तिने का भरावी? हे आज सुचतं. त्या सकाळी इतकं स्पष्ट सुचलं नव्हतं. त्या सकाळी मी बशी धुतली आणि टोपली काढली.

दवाखान्यात आधी सही लागते. ‘मालक’ या शब्दापुढे. ठकीला मालक आहे हे मला त्या कागदावर पहिल्यांदा कळलं. गुंगीचं इंजेक्शन आधी देतात. मग पुढच्या पायावरचे केस काढून शिरेत नळी बसवतात आणि शस्त्रक्रियेसाठी भूल देतात त्या जातीचं औषध पुष्कळ मोठ्या मात्रेत सोडतात. काही सेकंदांत शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, की डोळे मिटणार नाहीत. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखं दिसेल, अंग थरथरेल, पण तेव्हा तिला काही कळत नसेल. सांगून ठेवलं हे बरंच केलं. सगळेच सांगत नाहीत, सांगायला हवं. तरीही रात्री माझ्या मनाने त्या एका थरथरीला ‘नको’ म्हणायला लावलंच.

पुढचा उद्योग मी स्वतःहून ओढवून घेतला. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची पद्धत प्रसिद्ध केली. कान कसे आहेत, डोळे आक्रसलेत का, मुस्कट ताणलंय का, मिशा कशा आहेत, मान खांद्यांच्या वर आहे की खाली. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. मी फोनमधले जुने फोटो उघडून बसले. दिवाळीतला फोटो निघाला. रांगोळीशेजारी ठकी, मागे आम्ही सगळे दात काढून हसतोय. तिचे कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे अर्धे मिटलेले, मान खाली. तेव्हा आम्ही म्हणालो होतो, किती शहाण्यासारखी बसलीय.

म्हणजे तेव्हापासून दुखत होतं? काल रात्रीपर्यंत मी ‘लवकर केलंस’ या आरोपाखाली उभी होते, आता त्याच कोर्टात ‘उशीर केलास’ म्हणून उभी राहिले. दोन्ही आरोप एकदम खरे असू शकत नाहीत. पण त्या कोर्टात दोन्हींवर शिक्षा झाली, त्याही एकाच रात्री. तिथून मला न्यायाधीशाचाच संशय येऊ लागला.

शेजारच्या काकू भेटायला आल्या. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. म्हणाल्या, ‘‘आपोआप गेली असती गं. मांजरं कोपरा शोधतात आणि शांत जातात.’’ कोपरा शोधतात हे खरं. मांजर शिकार करतं तसं इतरांची शिकारही होतं, म्हणून दुखणं लपवायची सवय त्याच्या हाडात असते. शांत जातात हे मात्र आपण कोपऱ्यात वाकून न बघता ठरवलेलं आहे. मूत्रपिंडांनी येणारं मरण झोपेतलं असेलच असं नाही. त्यात उलट्या असतात, तोंडातले व्रण असतात, कधी झटकेही येतात. काकूंना मी हे सांगितलं नाही. चहा केला.

साबरमतीच्या आश्रमात १९२८ साली एक वासरू असंच वेदनांनी तळमळत होतं. कुशीही बदलता येत नव्हती, पशुवैद्यांनी आशा सोडली होती. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली आणि डॉक्टरकडून त्याला इंजेक्शन देववलं. स्वतः तिथे उभे राहिले. मग ‘नवजीवन’मध्ये त्यावर लिहिलं आणि संतापलेली पत्रं बरेच दिवस अंगावर घेतली. आश्रमातल्याच एकाचा आक्षेप होता, की जो जीव आपण देऊ शकत नाही तो घ्यायचा आपल्याला हक्क नाही. गांधीजींचं म्हणणं पडलं, की जीव घेण्यामागे स्वार्थ असता तर हा मुद्दा लागू पडला असता.

मी नेमकी तिथे अडकते. स्वार्थ अजिबात नव्हता, असं माझ्याने म्हणवत नाही. मी थकले होते. लग्नकार्याला गावी जाता येत नव्हतं, रात्री उलटीचा आवाज आला की उठायचं, गाद्यांना वास, औषधांचा खर्च. ती गेल्यावर पहिल्या संध्याकाळी गजाला बाटली टांगायची नाही हे लक्षात येऊन खांदे सैल झाले, आणि त्याच क्षणी अंगावर काटा आला. सुटका झाली हे खरं. पण सुटका झाली म्हणजे सुटकेसाठीच केलं, हा हिशेब चुकीचा आहे. सासूचं, आईचं वर्षानुवर्षं केलेल्या कुठल्याही बाईला विचारा. आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं माणूस माया करतं आणि घड्याळाकडेही बघतं. दोन्ही एकाच अंगात असतं. गांधीजींची कसोटी आश्रमाला साजेशी आहे. घरात इतका स्वच्छ हेतू मिळत नाही, आणि निर्णय तर घरातच घ्यावे लागतात.

माझ्या मते खरा सल दुसरीकडे आहे. माणसाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आधीच लिहून ठेवायची मुभा दिली: अमुक अवस्था आली तर मला यंत्रांवर ठेवू नका. इंजेक्शनची मुभा तिथे नाही, पण निदान ज्याचं मरण त्याचा शब्द असतो. ठकीचा शब्द नव्हता. तिला विचारता आलं नाही आणि कधीच येणार नव्हतं. थांबले असते तरी तिला न विचारताच थांबले असते. हे तेवढं शिल्लक आहे, आणि ते कोणी समजूत घालून काढून घेऊ नये असं मला वाटतं.

परवा एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या बोक्याला तोच आजार. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाल्या, ‘‘तुम्ही कसं ठरवलंत?’’

मी त्यांना गुणपत्रिका सांगितली, उलटी थांबवायच्या इंजेक्शनाने येणारी सकाळ सांगितली, उघडे डोळे सांगितले. करा म्हटलं नाही, नको म्हटलं नाही. आमच्या डॉक्टरांसारखीच वागते आहे हे बोलता बोलता जाणवलं.

‘‘आणि मग झोप लागते?’’

‘‘लागते. रोज नाही,’’ म्हटलं. ‘‘बोक्याचं क्रिएटिनिन किती आलंय? आणि सुई कोणती वापरता? जरा जाड घ्या, लवकर होतं, त्यालाही कमी वेळ धरून ठेवावं लागतं.’’