पेटी केवढी हवी?

आमच्या माहेरी ‘पेटी’ म्हणजे हार्मोनियम. सनीव्हेलला या शब्दाला आणखी एक अर्थ मिळाला: गाडीच्या डिकीत ठेवायची सबवूफरची लाकडी पेटी. ती घेण्याचं निमित्त म्हणजे अण्णांचा, माझ्या वडिलांचा, पखवाज.

अण्णा सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावी भजनाला साथ करत. आता हात कापतो, त्यामुळे वाजवणं सुटलं. पण त्यांचं शेवटच्या सप्ताहातलं वादन चुलतभावाने चांगल्या मायक्रोफोनवर मुद्रित करून ठेवलंय. शनिवारी मराठी शाळेला जाताना ते आम्ही गाडीत लावतो. एकदा लेकीने विचारलं, “आई, आजोबा एकाच हाताने वाजवतात का गं?” तिचं बरोबर होतं. पखवाजावर ‘धा’ दोन्ही हातांनी वाजतो; डाव्याचा घुमारा काढून घेतला की उरतो नुसता ‘ता’. दारातल्या लहान स्पीकरमधून अण्णांचा डावा हात येतच नव्हता.

नवऱ्याचं मत, घ्यायचीच तर मोठी पेटी घेऊ. मी सात वर्षं शाळेत गणित शिकवलंय. म्हटलं, आधी मांडून बघू.

स्पीकरचा पडदा पुढची हवा ढकलतो तेव्हा मागची ओढतो. दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर खर्जाच्या लाटा एकमेकींना खोडून टाकतात. म्हणून मागची बाजू पेटीत बंद करायची. ती कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट ठेवून दांडा दाबून पाहा. पेटी लहान, तर स्प्रिंग ताठ. मग एकाच पट्टीचा स्वर फुगतो आणि प्रत्येक ठोका ‘धम्म’ असा सारखाच वाजतो. पेटी फार मोठी, तर स्प्रिंग सैल; जोराच्या थापेला पडदा प्रमाणाबाहेर हलतो.

हवेची ही स्प्रिंग कामाला लावून एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आपला विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्याबरोबर लहान बंद पेटीचा स्पीकर बाजारात आणला. पुढे १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी सगळं गणितात बसवलं. आज सबवूफरच्या माहितीपत्रकावर छापलेले असतात ते त्यांचेच आकडे.

त्यातले दोन पुरतात. ‘व्हीएएस’, म्हणजे स्पीकरच्या स्वतःच्या लवचीकपणाइतकी लवचीक असलेली हवा किती लिटर. आणि ‘क्यूटीएस’, म्हणजे पडद्याचं कंपन किती आवरलेलं आहे. बंद पेटीत आवाज सपाट, न फुगलेला हवा तर ०.७०७ हे लक्ष्य धरतात. ०.७०७ ला क्यूटीएसने भागा, वर्ग करा, १ वजा करा आणि आलेल्या उत्तराने व्हीएएसला भागा. आम्ही निवडलेल्या दहा इंची सबवूफरचे आकडे होते ३० लिटर आणि ०.५. भागाकार १.४१४, वर्ग २, वजा १ केल्यावर १. म्हणजे पेटी ३० लिटरची, साधारण एक घनफुटाची.

हे माप आतलं असतं, बरं का! पाऊण इंची एमडीएफची १६ × १४ × १२ इंचांची पेटी बाहेरून दीड घनफूट भरते, पण आतून १४.५ × १२.५ × १०.५, म्हणजे १.१ घनफूट, सुमारे ३१ लिटर. त्यातला दीडेक लिटर स्पीकरचा मागचा भाग खातो. उरले तीसाच्या जवळपास.

नळी बसवलेली पेटी खर्जात जास्त जोर देते, पण सहसा मोठी लागते. शिवाय गाडीच्या बंद जागेत खर्ज आपोआप उचलला जातो, कारण ४० हर्ट्झची लाट जवळजवळ २८ फूट लांब असते, गाडीपेक्षा कितीतरी मोठी. त्यामुळे आम्हाला बंद पेटी पुरेशी होती. कॅलिफोर्नियात रस्त्यावरच्या गाडीतला आवाज ५० फुटांवर ऐकू येता कामा नये, असा कायदाही आहे. आम्हाला तर तो मागच्या सीटपर्यंतच पोचवायचा होता.

फोनवर हे सगळं सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, “अगं, मग हे कणकेसारखंच झालं की! डाव्या पुडीला कणीक कमी पडली तर आवाज चढतो, जास्त झाली तर दबतो. किती लावायची ते ज्याची त्याची पुडी सांगते.” आमचं चार ओळींचं गणित त्यांनी एका वाक्यात संपवलं.

आता ‘धा’ हा ‘धा’ ऐकू येतो. आणि पेटी तीस लिटरचीच असल्याने डिकीत दोन मोठ्या बॅगांची जागा शिल्लक आहे. मार्चमध्ये आई-अण्णांना विमानतळावरून आणायचं आहे. तेवढी जागा लागेलच.