उंबरठ्यावरचा जमाखर्च

न्यूयॉर्कच्या क्वीन्स विभागात, जमैका उपसागराच्या काठावर जॉन एफ. केनेडी विमानतळ आहे. १९४८ साली तो सुरू झाला तेव्हा लोक त्याला आयडलवाइल्ड म्हणत. १९६३ च्या डिसेंबरमध्ये त्याला दिवंगत राष्ट्राध्यक्षांचे नाव देण्यात आले. विमान खाली येऊ लागले की खाडीतील पाणथळ बेटे, त्यांवरचे गवत आणि पलीकडे एकमेकांना खेटून उभी असलेली घरांची छपरे दिसतात. या छपरांखाली आपल्या समाजातील अनेक कुटुंबे नांदत आहेत. तरुण मंडळी वर्षभर तेथेच असतात. वडीलधारी माणसे मात्र अर्धे वर्ष इकडे, अर्धे तिकडे अशी काढतात. पेढीचा कारभार, चातुर्मास, घरचे लग्नकार्य, कोणाचे आजारपण अशा कारणांनी भारतातील मुक्काम लांबत जातो. आणि मग एके दिवशी हातात ग्रीन कार्ड घेऊन याच विमानतळावरील तपासणीच्या रांगेत उभे राहावे लागते.

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. त्यात ‘राहणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे अशी एक समजूत घट्ट बसली आहे की, दर सहा महिन्यांनी अमेरिकेच्या भूमीला पाय लावून यावे, म्हणजे कार्ड सुरक्षित राहते. ही समजूत खरी नाही. १८० दिवसांपर्यंत बाहेर राहून परतणाऱ्याला कायदा सहसा नव्याने प्रवेश मागणारा मानीत नाही. त्याहून अधिक काळ सलग बाहेर राहिल्यास मात्र त्याची तपासणी नव्याने आलेल्या माणसासारखी होऊ शकते. एक वर्ष किंवा अधिक काळ लोटल्यावर नुसते कार्ड प्रवेशासाठी पुरत नाही. परंतु दिवसांची ही मोजणी झाली तरी मूळ प्रश्न उरतोच: या माणसाचे घर कोठे आहे? दर पाच महिन्यांनी येऊन पंधरा दिवसांत परत जाणाऱ्यालाही अधिकारी हा प्रश्न विचारू शकतो.

व्यापारी माणसाला हे समजणे अवघड जाऊ नये. केवळ शिल्लक पाहून पेढीचा व्यवहार कळत नाही; त्यासाठी रोजमेळ आणि खतावणी उघडावी लागते. तसेच येथे होते. अमेरिकेत राहते घर आहे का, तेथील बँकेतील खाते चालू आहे का, जवळचे कुटुंब कोठे आहे, जाताना परतीची तारीख ठरलेली होती का, हे सारे पाहिले जाते. आयकराचे विवरणपत्र हा यातील बोलका पुरावा असतो. कायम रहिवाशाने जगभरातील उत्पन्न अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावयाचे असते. त्यात गावाकडील दुकानाचे भाडे आले आणि आडतीचा नफाही आला. परदेशातील खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरहून अधिक रक्कम असेल, तर त्याची निराळी माहिती द्यावी लागते. ‘मी येथील रहिवासी नाही’ असे करखात्याला कळवायचे आणि विमानतळावर रहिवासी म्हणून उभे राहायचे, ही दोन वह्यांची पद्धत तेथे टिकत नाही.

गेल्या मार्चमध्ये माझे मामा-मामी सोलापूरहून परतले तेव्हा मी त्यांच्याच विमानात होतो. ते आदल्या मे महिन्यात गेले होते आणि सप्टेंबरअखेरचे परतीचे तिकीट काढलेले होते. सप्टेंबरात मामी अंगणात घसरल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. अशा रीतीने चार महिन्यांचे दहा महिने झाले. खिडकीपाशी अधिकाऱ्याने दोन-तीन प्रश्न विचारले आणि दोघांना आतल्या खोलीत पाठविले. तेथे ओळीने मांडलेल्या खुर्च्या होत्या. मोबाइल वापरण्यास मनाई होती. वेगवेगळ्या देशांची वृद्ध माणसे कागदांच्या पिशव्या मांडीवर धरून गप्प बसलेली. चाकांच्या खुर्चीतील मामींना सोबत हवी म्हणून मलाही बसू दिले. दीड तासाने मामांचे नाव पुकारले गेले.

मामांनी फाईल पुढे ठेवली. रुग्णालयातून सोडल्याचा कागद, लांबचा प्रवास करू नये असे डॉक्टरांचे पत्र, रद्द केलेले सप्टेंबरचे तिकीट, मुलाच्या घराचा पत्ता, करभरणीच्या प्रती. अधिकाऱ्याने विचारले, “सोलापूरला तुम्ही काय करता?” मामा म्हणाले, “माझी आडत पेढी आहे. आता धाकटा भाऊ पाहतो. मी गेलो की बसतो.” अधिकाऱ्याने कागद चाळले, पारपत्रे परत केली आणि पुढच्या वेळी इतका काळ जाणार असाल तर आधी परवाना घ्या, असे सांगितले.

तो परवाना म्हणजे पुनःप्रवेश परवाना. त्यासाठी आय-१३१ हा अर्ज करावा लागतो. अर्ज करताना माणूस अमेरिकेतच असावा लागतो. भारतातून तो करता येत नाही. त्यानंतर बोटांचे ठसे देण्यासाठी बोलावणे येते. परवाना साधारणतः दोन वर्षांपर्यंतचा असतो. मागील पाच वर्षांत चार वर्षांहून अधिक काळ बाहेर गेला असेल, तर बहुधा एकच वर्षाचा मिळतो. त्याला मुदतवाढ नाही आणि त्याने प्रवेशाची हमीही मिळत नाही. नागरिकत्वासाठी लागणारा सलग वास्तव्याचा काळही त्याने वाचत नाही. परवाना न घेता वर्ष उलटून गेले, तर अमेरिकेच्या वकिलातीत परतणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागता येतो. मात्र विलंब आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला, हे सिद्ध करावे लागते.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घराने वृद्धांना समजावून सांगावी. कार्ड स्वखुशीने सोडत असल्याचा आय-४०७ नावाचा एक अर्ज असतो. तो कधी कधी तपासणीच्या वेळी पुढे केला जातो. थकलेला माणूस तो न वाचता सही करून मोकळा होतो. त्यावर सही करण्याची सक्ती नाही. सही न करणाऱ्याला आपले म्हणणे इमिग्रेशन न्यायाधीशापुढे मांडण्याचा अधिकार आहे आणि अंतिम निर्णय होईपर्यंत तो कायम रहिवासीच असतो.

मामांचे बिऱ्हाड क्वीन्समध्येच, एल्महर्स्ट येथे आहे. तेथील इथाका स्ट्रीटवर जैन मंदिर आहे. एकाच इमारतीत श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी अशा निरनिराळ्या परंपरांची उपासनास्थाने आहेत. रविवारी तळमजल्यावर वृद्ध मंडळी जमतात आणि ‘जय जिनेंद्र’ झाल्यावर दुसरा प्रश्न बहुधा हाच असतो: “यंदा किती महिने राहून आलात?” कोणी पाच सांगतो, कोणी नऊ. त्या रविवारी मामांनी उत्तर दिले नाही. घरी आल्यावर त्यांनी जुनी पारपत्रे काढली आणि पाच वर्षांचे जाणे-येणे एका कागदावर मांडले. अमेरिकेच्या बाजूला दोन वर्षेही भरली नाहीत.

“हे कार्ड परत करावे,” मामा म्हणाले. “व्हिसा मिळाला तर पाहुणा म्हणून येईन. पाहुण्याला सहा महिने पुरेत.”

मामी म्हणाल्या, “पेढी तुमची तिकडे आहे. माझे तिकडे कोण आहे? दोन्ही मुले इथे, नातवंडे इथे. पडले तेव्हा उशाशी शेजारीण होती.”

चाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न या शब्दांत प्रथमच निघाला असावा. मामा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. त्यांनी दोघांसाठी परवान्याचा अर्ज केला, ठसेही दिले. पण त्याआधी भावाला फोन करून पेढीतील आपली भागी त्याच्या नावे करण्याची बोलणी सुरू केली. भाऊ रडला असे समजते. सोलापूरचा मुक्काम यापुढे तीन महिन्यांचा ठेवायचा असे ठरले आहे.

प्रत्येक घराचा निर्णय असाच होईल असे नाही. कोणाचे मन गावी असेल, तर कार्ड सन्मानाने परत करून पाहुणा म्हणून येण्यात कमीपणा नाही. कोणाला नातवंडांजवळ राहायचे असेल, तर त्याने पेढीचा मोह आवरावा. जाणकार वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा. परंतु आपण कोठले, हे वकील सांगू शकत नाही. ते पती-पत्नींनी आणि मुलांनी एकत्र बसून, तिकीट काढण्यापूर्वी ठरवावे. घरात ठरलेले असले म्हणजे खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला तेच सांगताना जीभ अडखळत नाही.