मुक्काम पोस्ट कुलाबा

हॉटेलच्या छापील कागदावर दोन रकाने शेजारीशेजारी होते. 'कुठून आलात' आणि 'इथून कुठे जाणार'. पहिल्यात मी डोंबिवली लिहिलं, दुसऱ्यातही डोंबिवलीच लिहिलं आणि स्वतःशीच हसले. चौतीस वर्षं मी रोज हेच करत आले होते. फक्त असा कागद कुणी पुढे केला नव्हता.

फोर्टातल्या एका बँकेत माझी नोकरी झाली. सकाळी फास्ट लोकलने व्हीटी, संध्याकाळी फास्ट लोकलने डोंबिवली. स्टेशनचं नाव दोनदा बदललं तरी आमच्या डब्यात ते व्हीटीच राहिलं. चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवायचं आणि मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडायची. या इलाख्यातल्या फुटपाथची कुठली लादी हलते, दुपारी बाराला सावली कुठल्या कमानीखाली असते, हे मला पाठ होतं. पण सगळं दिवसाचं. सहा वाजले की दुकानाचं शटर ओढावं तशी माझी मुंबई बंद व्हायची. आत काय चालतं, मला कधी कळलं नाही.

निवृत्तीला वर्ष झालं तेव्हा लेकीचा बंगळुरूहून फोन आला. "आई, कुलाब्यात एक छोटंसं हॉटेल आहे. एक रात्र तिथे राहा. बुकिंग केलंय, रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत." शेवटचं वाक्य तिने मुद्दाम घातलं होतं. पैसे फुकट जाणार म्हटलं की मी कुठेही जाईन, हे तिला ठाऊक आहे. ह्यांनी मात्र "घरची गादी टोचायला लागली का?" असं म्हणून अंग काढून घेतलं. मग मी एकटीच निघाले. उलट्या वेळेला, दुपारी दोनला, हातात एक साडी, खोबऱ्याच्या वड्यांची पुडी आणि औषधांचा डबा एवढंच असलेली पिशवी घेऊन.

त्या प्रकाराला 'बुटीक हॉटेल' म्हणतात. आमच्या डोंबिवलीत बुटीक म्हणजे ब्लाउजला लटकन लावून मिळतात ते दुकान. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थही छोटं दुकान एवढाच. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये इयन श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल या जोडीने मॉर्गन्स नावाचं हॉटेल काढलं. बाकीची हॉटेलं म्हणजे सगळं मिळणारी मोठाली स्टोअर्स, आमचं हे बुटीक, असं रुबेल म्हणायचा आणि तिथून हे नाव रूढ झालं, असं सांगतात. विचार केला तर आमच्या ब्लाउजवालीत आणि या हॉटेलवाल्यांत फार अंतर नाही. दोघंही मापं घेऊन शिवतात.

माझी मापं लेकीने आधीच कळवली असावीत. ताजच्या मागच्या एका गल्लीतली तीन मजली जुनी इमारत, दाराशी तळहाताएवढी पाटी, लाकडी जिना, वीसेक खोल्या. माझ्या टेबलावर शाईने लिहिलेलं कार्ड होतं. त्यावर माझं नाव चक्क मराठीत, वेलांटीची चूक न करता. आल्याचा, कमी साखरेचा चहा न मागता आला. पितळी नळ, काचेच्या बाटलीत पाणी, कागदात गुंडाळलेला साबण. आणि एक छोटी पुस्तिका, तिच्यात उशांची यादी: कापसाची, पिसांची, मान दुखणाऱ्यांसाठी वेगळी. खाणावळीत भाज्यांची पाटी असते तशी उशांची! जन्मभर जी मिळाली ती उशी दुमडून घेतलेल्या बाईने यातली कुठली निवडायची? मी कापसाची सांगितली. निदान ओळखीची.

पण मला मोहात पाडलं ते पायाखालच्या जमिनीने. हिरव्या आणि तांबड्या नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या होत्या. चपला काढून मी बराच वेळ नुसती उभी राहिले. गिरगावात आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात अशाच लाद्या होत्या. ताप आला की त्यांच्यावर पाय टेकून बसायला बरं वाटायचं. स्वदेशीच्या ओढीने १९२२ साली मुंबईत सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग्जने असल्या लाद्या घरोघरी पोचवल्या. या लाद्या भट्टीत भाजत नाहीत. साच्यात रंग ओततात, दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. म्हणूनच की काय, शंभर वर्षं झाली तरी त्यांचा गारवा जात नाही.

गिरगावातल्या चाळीत आमची खोली होती. मी बारा वर्षांची असताना, १९७६ साली, आम्ही डोंबिवलीला गेलो. जागा मोठी, स्वतःचा संडास, दाराला लॅच. गिरगाव रिकामं होत होतं आणि आम्हीही त्या रिकामं होण्यातले एक. त्यानंतर या बाजूला मी हजारो दिवस काढले, रात्र एकही नाही. हे गणित त्या लाद्यांवर उभं राहून पहिल्यांदा मांडलं, आणि बँकेत हिशेब चुकल्यावर पोटात व्हायचं तसं काहीतरी झालं.

मुंबईत कामाला जागा कायम होती, भांडण झोपायच्या जागेचं. माझे आजोबा कोकणातून गिरणीत आले तेव्हा लालबागला गावकीच्या खोलीत राहायचे. भिंतीला ट्रंका लावलेल्या, आणि माणशी एका चटईएवढी जमीन. तीही पूर्ण त्याची नाही. दिवसपाळीवाला उठला की रात्रपाळीवाला त्याच ऊबेत आडवा व्हायचा. आणि पैसा असूनही जागा मिळेलच असं नव्हतं. काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची इमारत आहे. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून सुट्या भागांत आणून इथे जोडला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात पहिल्यांदा दिसली ती तिथे. पण उतरायची मुभा गोऱ्यांनाच. मग १६ डिसेंबर १९०३ रोजी जमशेटजी टाटांचं ताज उघडलं. समोर गेटवे उभा राहायला अजून दोन दशकं होती. आपल्या मराठी माणसांची सोय क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात. पुण्याच्या वाड्याचा धनी असलेल्या लोकमान्यांनी १ ऑगस्ट १९२० रोजी शेवटचा श्वास घेतला तो तिथे, उतरायच्या जागी.

कुलाब्याचं तर रक्तच मुक्कामाचं. १८३८ साली कॉजवे झाला आणि हे बेट मुंबईला जोडलं गेलं. त्याआधी भरती आली की वाट पाण्याखाली जायची. वेळ चुकली तर होडी शोधा, नाहीतर इथेच रात्र काढा. शेवटची कर्जत चुकवलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

रात्री साडेनऊला खाली आले तर काउंटरवरची मुलगी बॅग भरत होती. दुपारची 'मॅडम' एव्हाना 'काकू' झाली होती. तिने घड्याळाकडे पाहिलं, तसं मला सगळं कळलं. ती नजर मी ओळखते.

"कुठे राहतेस गं?"

"बदलापूरला, काकू. दहाच्या आतली फास्ट मिळाली तर बरं, नाहीतर घरी पोचेपर्यंत बारा वाजतात."

"इथे नाही राहता येत?"

ती हसली. "इथे? इथे गेस्ट राहतात."

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पार्किंग कुठे आहे हे सांगावं तितक्या सरळ तिने सांगितलं. जाताजाता पोऱ्याला बजावून गेली, "दोनशे तीनच्या काकूंना सकाळी सहाला चहा." माझ्या झोपेची एवढी काळजी घेणारी मुलगी स्वतः दीड-एक तास उभ्याने जाणार होती. सकाळी परत येऊन मला 'झोप लागली ना?' विचारणार होती. मापं घेणारीच्या अंगावर स्वतःचा ब्लाउज कुणी शिवलेला असतो?

मी बाहेर पडले. कॉजवेवरचे फेरीवाले माल आवरत होते. दिवसा ज्या टेबलावर कानातल्यांचा लखलखाट असतो, ते प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोरीने करकचून बांधलं होतं. सायंकाळी उतरलेला वारा पुन्हा उठला होता, आणि त्याला मीठ होतं. दिवसा पेट्रोलच्या वासाखाली ते दबलेलं असतं. समुद्राकडच्या कठड्याशी गेले. काळ्या पाण्यात बोटींचे दिवे हलत होते. दिवसा हे पाणी नुसतं राखाडी असतं. रात्री ते शहराला लागून असलेलं दुसरं गाव वाटतं. एका टॅक्सीत चालक मागच्या सीटवर पाय दाराबाहेर काढून झोपला होता. पुढे कमानीखाली ओळीने माणसं झोपलेली, अंगावर चादर डोक्यापासून ओढलेली. मी दिवसा ज्या सावलीतून चालत जायचे, तीच रात्रीची त्यांची खोली. चौतीस वर्षं मी त्यांच्या घरातून ये-जा केली आणि एकदाही ते घरी असताना आले नव्हते.

परत येऊन कापसाच्या उशीवर डोकं टेकलं. आणि झोप येईना. इतकी शांतता मला झेपत नाही. डोंबिवलीला रात्री गाडीची खडखड ऐकल्याशिवाय डोळा लागत नाही. 'कृपया लक्ष द्या' ही माझी अंगाई. इथे जाड पडदे, जाड भिंती, दाराशी 'त्रास देऊ नका'ची पाटी. त्रास द्यायला होतं कोण! लेकीने जिच्यासाठी पैसे मोजले ती झोप तेवढी या खोलीत नव्हती. शेवटी उठून खिडकी उघडली. कुठल्याशा बोटीचा भोंगा आला, लांब आणि जाडा. गल्लीत कुणी पाण्याची बादली ओतली. एक माणूस खाकरत गेला. एवढ्या आवाजावर मी झोपले.

पाचाला जाग आली. सवयीचे डोळे, डबा करायचा नाही हे त्यांना कोण सांगणार? अंथरुणाची घडी घातली. मग आठवलं की इथे घडी घालायची नसते. तरी तशीच राहू दिली आणि ससून डॉकच्या दिशेने चालत निघाले. १८७५ सालचा हा धक्का. तिथली सकाळ केव्हाच सुरू झाली होती. बर्फाचा भुगा, ओली जमीन, पाट्या, लिलावाचे पुकारे, आणि त्या सगळ्यावर मासळीचा दरवळ. टोपलीभर कोलंबी बघून माझा हात पर्सकडे गेला. ताजी, करड्या झाकेची, मिशा अजून टवटवीत.

"घे गो बाय, आता उतरलीय," कोळीण म्हणाली.

"नको, मी हॉटेलात उतरलेय."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. सुती साडी, साधी चप्पल, हातात पर्स. "हॉटेलान? तू? मग ही नेशील कुठं, गादीवर?" शेजारची हसली, मीही हसले. जन्मात पहिल्यांदा मला चांगली कोलंबी सोडून यावं लागलं, कारण मुंबईत त्या दिवशी माझ्याकडे उशा होत्या, चूल नव्हती.

परतताना उजाडलं. समुद्राकडून आलेला पहिला उजेड जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांना लागला. बाल्कन्यांच्या जाळ्या, कोरीव दगड, खिडक्यांच्या रंगीत काचा. खालचा रस्ता अजून निळसर होता. याच इमारतींखालून मी घाईत गेले आहे, मान खाली घालून, मस्टर गाठायला. सव्वासहाला इथे असं दिसतं हे मला कुणी सांगितलं असतं तरी काय उपयोग होता? सव्वासहाला मी ठाण्याच्या पलीकडे असायचे.

बदलापूरची मुलगी साडेनऊला हजर होती. केस ओले, डोळ्यांखाली काळं. "झोप लागली ना, काकू?" मी हो म्हटलं. बिल लेकीने भरलं होतं, पण बँकेतली बाई कागद वाचल्याशिवाय सोडत नाही. भाडं साडेसात हजारांच्या वरचं, म्हणून १८ टक्के जीएसटी. एकूण आकड्यात माझे काही वर्षांचे सेकंड क्लासचे पास निघाले असते. पण वाईट वाटलं नाही. त्या पासांनी मला रोज परत नेलं. या एका कागदाने पहिल्यांदा इथे राहू दिलं. ज्या शहरात आपण फक्त जागे असतो ते आपलं नोकरीचं ठिकाण. तिथे एकदा तरी झोपावं लागतं, निदान झोप येत नाही म्हणून खिडकी उघडावी लागते, तेव्हा ते ओळख देतं.

मुलीला मी माझी खोबऱ्याच्या वड्यांची पुडी दिली. तिने ती पर्समध्ये टाकली आणि म्हणाली, "गाडीत खाईन."

मी अकराच्या सुमाराची लोकल धरली. समोरच्या फलाटावर आलेल्या गाडीतून बायका ओसंडून उतरत होत्या आणि घड्याळ बघत दरवाजाकडे पळत होत्या. माझ्या डब्यात आम्ही पाचजणी होतो. खिडकीशी बसले, पाय लांब केले. त्या वेळेला व्हीटीहून डोंबिवलीला जाणारी गाडी रिकामी असते. चौतीस वर्षांत मी ती एकदाही पकडली नव्हती.