आधी पाहून यावे

आपल्या विद्यालयात रोज सकाळी होणाऱ्या वंदनेत 'एहिपस्सिको' हा शब्द येतो. पाचवीत असताना इतर शब्दांबरोबर तोही मी नुसता पाठ म्हणत असे. पुढे एका वर्षावासात भन्तेजींनी त्याचा अर्थ समजावून सांगितला : 'या आणि पाहा.' धम्म हा डोळे मिटून मान्य करण्याचा विषय नाही, तो जवळ येऊन पारखून घेण्याचा विषय आहे. स्मरणिकेसाठी लेख लिहावा असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा हाच शब्द मनात आला. कारण माझ्या आयुष्यातील दोन मोठ्या स्थलांतरांआधी कोणीतरी 'पाहून' आले होते. पहिल्या वेळी माझे वडील आणि दुसऱ्या वेळी माझी मुलगी.

वर्ष १९७९. माझे वडील, ज्यांना मी बा म्हणत असे, गावच्या पाटलाकडे सालगडी होते. चौथी झाल्यावर मला या विद्यालयात घालावे असे आमच्या गुरुजींनी सुचवले. मायचा विरोध होता. दहा वर्षांचे पोर परक्या गावी ठेवायचे, हे तिच्या मनाला पटत नव्हते. बाने तिच्याशी वाद घातला नाही. एप्रिलमध्ये एक दिवसाची सुट्टी मागून तो एस.टी.ने एकटाच येथे आला. वसतिगृहाच्या जेवणघरात मुलांच्या पंगतीत बसून जेवला. स्वतःचे ताट मुलांबरोबर हौदावर घासले. विहिरीचे पाणी पिऊन पाहिले. मुलांना कोणाच्या घरी वा शेतात कामाला पाठवतात का, हे त्याने अधीक्षकांना नव्हे, तर ताट घासणाऱ्या एका मुलालाच विचारले. रात्री घरी परतल्यावर मायला तो एवढेच बोलला, "पोट्टे एका पंगतीत बसतात. कोणी कोणाले जात पुसत नाही." दुसऱ्या दिवसापासून मायने माझी पत्र्याची पेटी भरायला घेतली.

बाला अक्षरओळख नव्हती. परंतु काय पाहायचे हे त्याला पक्के ठाऊक होते. इमारत किती मोठी, निकाल किती टक्के, हे त्याने विचारले नाही. आपल्या लेकराचा रोजचा दिवस तिथे कसा जाईल, आणि त्याला खाली मान घालावी लागेल का, एवढेच त्याने तपासले.

चव्वेचाळीस वर्षांनी, २०२३ साली, माझ्या मुलीने ऑस्ट्रेलियाला जाण्याचा विचार बोलून दाखवला. ती परिचारिका आहे; नागपूरच्या रुग्णालयात आठ वर्षे काम केलेली. तिथे परिचारिका म्हणून नोंदणी व्हावी यासाठी परदेशी पदवीधारकांना आधी संगणकावर बहुपर्यायी परीक्षा द्यावी लागते. ती उत्तीर्ण झाल्यावर प्रत्यक्ष कौशल्याची परीक्षा होते, आणि तिचे केंद्र ॲडलेड या शहरात होते. बहुतेक मुली आठवडाभरात परीक्षा देऊन परततात. मी मुलीला म्हटले, "तिकिटाचा खर्च होणारच आहे, तर तीन आठवडे राहू. परीक्षा तुझी होईल, तशीच त्या शहराचीही होऊ दे." जावयांना रजा मिळाली नाही आणि नात आजीजवळ राहिली. शाळेला उन्हाळी सुट्टी होती. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून मी मुलीसोबत निघालो. खरे सांगायचे तर माझ्या मनात एक लपवलेली इच्छा होती. ते शहर तिला आवडू नये आणि तिने परत येऊन 'नको' म्हणावे, असे मला वाटत होते. मुलगी एकुलती एक आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून जाण्यापूर्वी मी बाबासाहेबांच्या प्रवासांकडे पुन्हा वळलो. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले तेव्हा आधी पाहून येण्याची सोय त्यांना नव्हती. परंतु मला अधिक बोलका वाटतो तो १९१७ सालचा बडोद्याचा प्रसंग. पद निश्चित होते, संस्थानाची नोकरी होती. नव्हते ते राहायला घर. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे आणि त्या लेखनाचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. नोकरी मिळाली म्हणजे ठिकाण मिळाले असे नव्हे, हा धडा त्यातून घ्यावा.

दुसरा धडा धर्मांतराचा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही हे जाहीर केले. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधल्या एकवीस वर्षांत त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, आणि १९५० साली श्रीलंकेला व १९५४ साली दोनदा ब्रह्मदेशाला जाऊन बौद्ध समाज जवळून पाहिला. निघण्याचा निर्णय एका सभेत झाला. कोठे जायचे याची पारख मात्र त्यांनी सावकाश केली. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. इथल्या अपमानाला कंटाळून निघणाऱ्या आपल्या मुलांना वाटते, निघालो म्हणजे पोहोचलो.

ॲडलेडला आम्ही मे महिन्याच्या अखेरीस पोहोचलो. तिथे तो हिवाळ्याचा आरंभ, आणि पाऊसही तिथे हिवाळ्यातच पडतो. विदर्भाच्या ऐन उन्हातून गेलेल्या मला ती ओली थंडी सोसवेना. बाहेरपेक्षा घरात जास्त गारठा. संध्याकाळचे पाच वाजून गेले की अंधार. तरीही वाटते, नवे गाव पाहायचे तर त्याच्या वाईट ऋतूतच पाहावे. चांगल्या ऋतूत कोणतेही गाव चांगलेच दिसते.

परीक्षा पहिल्या आठवड्यात झाली. नंतरच्या दिवसांत आम्ही समुद्रकिनारा एकदाच पाहिला. बाकीचा वेळ मुलीने आखलेल्या कामांत गेला. रुग्णालयाची सकाळची पाळी सात वाजता लागते. म्हणून पहाटे उठून उपनगरातून पहिल्या बसने रुग्णालयाच्या दारापर्यंत जाऊन पाहिले. तोच प्रवास रविवारी केला, तेव्हा बस कितीतरी उशिराने होती. एका आठवड्याचा किराणा घेऊन पावती वहीत चिकटवली. सुरुवातीला मी प्रत्येक वस्तूचे रुपये करून हळहळत असे. मुलगी म्हणाली, "बाबा, रुपये करू नका. तिथल्या परिचारिकेला ही वस्तू घ्यायला किती मिनिटे काम करावे लागते ते मोजा." हिशेबाची ही रीत मला मनापासून पटली.

घरभाडे तिथे आठवड्यावर सांगतात. आठवड्याला ५०० डॉलर म्हणजे महिन्याला २,००० असे आपले मन पटकन म्हणते. पण वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून महिन्याला पडतात सुमारे २,१६७. घर पाहण्याची वेळ ठरलेली असते. दहा-पंधरा मिनिटांसाठी दार उघडते, वीस-पंचवीस माणसे रांगेने आत जाऊन येतात आणि मग अर्ज करतात. अर्जात उत्पन्न, ओळखपत्र आणि आधीच्या घरमालकांचे दाखले विचारतात. जातीचा रकाना नाही. तो रकाना नसलेला अर्ज मी बराच वेळ हातात धरून होतो. तरुणपणी तालुक्याच्या गावी बदली झाली तेव्हा आडनाव ऐकून तीन दारे माझ्यासाठी बंद झाली होती, ती आठवली. पण नव्याने आलेल्या माणसाजवळ तिथल्या घरमालकाचा दाखला कोठून असणार? म्हणून बहुतेक जण पहिले काही महिने आपल्या देशबांधवांच्या घरी खोली घेतात.

आम्हीही अशीच एक खोली पाहायला गेलो. घर मराठी माणसांचे होते. बाईंनी आपुलकीने चहा दिला, गावाचे नाव विचारले, मग आडनाव. ते ऐकून अर्थबोध झाला नसावा, म्हणून विचारले, "तुमचं कुलदैवत कोणतं?" मुलीने कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "काकू, आम्ही बौद्ध आहोत." क्षणभर कोणी बोलले नाही. नंतर हवेच्या गोष्टी निघाल्या. संध्याकाळी निरोप आला की खोली दुसऱ्या कोणाला दिली आहे. कारण खरेही असेल. मला त्याची शहानिशा करता येणार नाही. परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि माझ्या लपवलेल्या इच्छेला आता आधार मिळाला. सकाळी मी म्हटले, "इतक्या दूर येऊनही हेच असेल तर?" ती म्हणाली, "बाबा, ते इथलं नाही, आपल्याकडून आलेलं आहे. ते कुठे भेटतं हे कळलं, हे बरं झालं. आता त्या दारावर मी माझी पहिली रात्र अवलंबून ठेवणार नाही." तिने वहीत लिहिले : पहिले तीन महिने रुग्णालयाच्या निवासाची चौकशी करणे, तेवढ्या भाड्याची रक्कम वेगळी ठेवणे.

शहराच्या उत्तरेला मॉन्टेफिओर टेकडीवर कर्नल विल्यम लाइट यांचा पुतळा आहे. हात पुढे करून ते खालचे शहर दाखवीत आहेत. १८३६ साली नव्या वसाहतीसाठी जागा पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते, आणि ते पाहणी करीत असतानाच वसाहतकारांची जहाजे येऊ लागली होती. त्यांनी जागा उत्तम निवडली. चहूबाजूंनी उद्यानांचा पट्टा राखलेले शहर आजही त्याची साक्ष देते. परंतु ती भूमी कौर्ना लोकांची होती. जमीन, पाणी, बंदर सारे पाहिले गेले. तिथली माणसे मात्र हिशेबात धरली गेली नाहीत. गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजाचा वंशज म्हणून त्या पुतळ्याजवळ उभे राहताना मला वाटले, आपण जिथे जाऊ तिथे आपल्या आधी कोण होते, हाही प्रश्न पाहणीत असला पाहिजे.

शेवटच्या रविवारी आम्ही व्हिएतनामी बांधवांच्या विहारात गेलो. भाषा एकमेकांना कळत नव्हती. वंदनेनंतर आम्हाला त्यांच्या पंगतीत जेवायला बसवले. तेथील एका तरुणाने इंग्रजीत सांगितले की त्याची आजी युद्धानंतर लहान नावेतून देश सोडून निघाली होती. कोठे पोहोचणार हे तिला ठाऊक नव्हते. आधी जाऊन पाहून येता येणे हे किती मोठे सुख आहे, हे मला त्या ताटावर कळले.

परतताना विमानात मुलीने वही माझ्या हाती दिली. एका बाजूला अनुकूल, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. प्रतिकूल बाजू मोठी होती : थंडी, एकटेपण, रविवारची बस, ती खोली, नातीला आजीपासून तोडणे. खाली तिने लिहिले होते, "तरीही जावेसे वाटते; कारण आता कशाला तोंड द्यायचे ते माहीत आहे." मला पुढे बोलता आले नाही. बा परत आल्यावर मायने आपला विरोध कसा गिळला असेल, ते त्या दिवशी उमगले.

२०२४ साली ती, जावई आणि नात तिकडे गेली. आमच्या आणि त्यांच्या घड्याळात हिवाळ्यात चार तासांचे अंतर असते. तिची पाळी सांभाळून आम्ही बोलतो. सारे सुखाचे आहे असे नाही. पहिल्या हिवाळ्यात ती दोनदा रडली, हेही पालकांना कळावे म्हणून लिहितो.

आपल्या विद्यालयाची अनेक मुले-मुली आज परदेशी जाण्याच्या तयारीत आहेत. दलालाच्या छायाचित्रांवर विसंबू नका. शक्य असेल तर आधी पाहून या. पाहुण्याच्या व्हिसावर तिथे काम करता येत नाही, पण डोळे उघडे ठेवता येतात. खर्च परवडत नसेल तर आधी गेलेल्या माणसाला बाने विचारला तसा प्रश्न विचारा, आणि तो मोठ्या पदावरच्या माणसाला नव्हे, ताट घासणाऱ्याला विचारा.

मुलीने आता ॲडलेडला लहानसे घर भाड्याने घेतले आहे. त्यातील एक खोली तिने रिकामी ठेवली आहे. विद्यालयाच्या ज्या माजी विद्यार्थ्याला वा विद्यार्थिनीला ते शहर पाहायचे असेल, त्याने आठवडाभर तिथे राहावे, असा तिचा निरोप आहे. त्यासाठी आडनाव सांगावे लागणार नाही.

जय भीम.