पद्मिनीचा आरसा

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी पुढे अनेक कुटुंबांची पहिली मोटार ठरली. मे १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि त्याच सुमारास उरणच्या एका किराणा व्यापाऱ्याच्या दारातही जुनी पद्मिनी उभी राहिली.

घरच्या मुलाला अठरावे सरताच वाहन परवाना मिळाला होता. बंदराच्या वसाहतीत राहणारी त्याची वर्गमैत्रीण आपल्या आईसह कधी कधी पनवेलच्या बाजारापर्यंत सोबत येई. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असल्याने पुढची बैठक सलग होती. तेथे त्याची आई आणि आजी बसत. मागे बसलेली ती त्याला केवळ आरशात दिसे. नजरानजर होई, आणि रस्ता फार लवकर संपे.

तिच्या वडिलांची बदली झाली, तेव्हा त्या कुटुंबाला पनवेल स्थानकावर पोहोचवण्याचे कामही त्याच्याकडेच आले. निरोप घेताना दोघांनीही मनातले एक अक्षर उच्चारले नाही. त्या मौनाला तो पुष्कळ वर्षे मर्यादा समजत राहिला.

पद्मिनीचे उत्पादन थांबूनही आता दोन दशके लोटली. उरण-पनवेल रस्त्यावर कंटेनरांची वर्दळ असते. त्याची मुलगी स्वतः मोटार चालवते, आणि तिच्या मित्रांची नावे घरात मोकळेपणाने घेतली जातात. मर्यादा वागण्याला असावी, मनाला कुलूप नसावे, हे त्याला उशिरा का होईना उमगले आहे.