रांगोळीतले काळे ठिपके

आमच्या दारातल्या शहाबादी फरशीवर दोन काळे डाग आहेत. सोडा झाला, रॉकेल झाले, काथ्याने घासून हात दुखले. फिकट झाले, पण गेले नाहीत. आता मीच त्यांचा नाद सोडला आहे. ह्या डागांनी आमचे लाखभर रुपये वाचवले, ते कसे ते सांगते.

2024 सालच्या पाडव्याआधीच्या शनिवारी ह्यांनी गाडी सर्व्हिसिंगला दिली. गाडी दीड वर्षाची, वॉरंटीतली, म्हणून मुद्दाम कंपनीच्या अधिकृत केंद्रात. इंजिनातले ऑइल बदलले, गाडी धुऊन चकचकीत होऊन घरी आली. पाडव्याच्या सकाळी रांगोळीसाठी गाडी मागे घ्यायला सांगितली, तर फरशीवर तेलाचे दोन थेंब! पुसून निघेनात. सणाची घाई, स्वयंपाकघरात श्रीखंड घोटायचे राहिलेले. मी आपली त्या दोन थेंबांनाच ठिपके धरून रांगोळी पुरी केली आणि फोटो काढून नणंदेला पाठवला. तिचे लगेच उत्तर आले, "वहिनी, दोन ठिपके काळे कसे गं?" मी हसण्यावारी नेले.

पुढच्याच रविवारी मी सासूबाईंना घेऊन साताऱ्याहून पुण्याला बारशाला निघाले. हे आदल्या दिवशीच पुढे गेले होते. भुईंज मागे पडले आणि समोरच्या काट्यांजवळ लाल दिवा लागला. तेलाच्या झारीचे चित्र, तोंडाशी एक थेंब. मी पाहिला. पण भर उन्हात हमरस्त्याच्या कडेला कुठे थांबायचे? सुरूर फाट्याला सावली बघून थांबू म्हटले. दोनेक किलोमीटर गेले असेन, खालून खडखड सुरू झाली, आणि इंजिन जे बंद पडले ते पडलेच.

पिवळा दिवा लागला तर गाडी जपून गॅरेजपर्यंत नेता येते म्हणतात. हा लाल झारीचा दिवा मात्र तसा नव्हे. तो लागला की गाडी सुरक्षित कडेला घेऊन त्या क्षणी इंजिन बंद करायचे. तेलाचा दाब गेला की आतली बेअरिंगं कोरडी एकमेकांवर घासतात, आणि मग मिनिटांचा खेळ असतो. हे मला तेव्हा कोणी सांगितले असते तर!

टोचन करून गाडी त्याच केंद्रात नेली. तिथले मॅनेजर सगळे बोलणे ह्यांच्याशी करीत होते, मी शेजारी उभी असून! "मॅडमनी दिवा लागल्यावरही गाडी चालवली. वॉरंटी मिळणार नाही." खर्चाचा अंदाज एक लाख अठ्ठेचाळीस हजार. वर इंजिन उघडायच्या परवानगीच्या कागदावर सही मागत होते.

सही केली नाही, हे शेजारच्या काकांचे उपकार. ते एस. टी. च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "आधी गाडी वर उचला, फोटो काढा, मग काय उघडायचं ते उघडा." गाडी वर घेतली. तेल सोडायचा जो खालचा नट असतो, तो काकांनी नुसत्या बोटांनी फिरवला! आतला वॉशर जुनाच, चेपलेला. आठ दिवस तेल थेंब थेंब गळत गेले होते. मॅनेजर म्हणाले, खालून दगड लागला असेल. पण खालच्या पत्र्यावर ना पोचा, ना ओरखडा. त्याचाही फोटो काढला.

पुढचे तीन आठवडे मात्र मी चुकीचेच दार ठोठावले. वॉरंटी द्या, म्हणून कंपनीला पत्रांवर पत्रे! शेवटी लेखी उत्तर आले : हा उत्पादनातला दोष नाही, नट सैल राहून तेल गेल्याने इंजिन जाम झाले, सबब वॉरंटी लागू नाही. वाचून मला रडूच आले. काकांनी पत्र दोनदा वाचले आणि हसायला लागले. "अहो वहिनी, हे तुमच्याच बाजूचं पत्र आहे!"

मग डोक्यात प्रकाश पडला. वॉरंटी कारखान्याच्या चुकीची. नट सैल ठेवला ती चूक सर्व्हिसिंगची, म्हणजे सेवेतली त्रुटी. ते भांडण केंद्राशी, आणि त्याला 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असे नाही, दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. 1915 ह्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर चौकशी करता येते. जॉबकार्ड मी गॅसच्या पुस्तकाबरोबर फाइलला लावून ठेवले होतेच. त्यावर "ऑइल बदलले" असे स्वच्छ लिहिलेले. नणंदेला पाठवलेला रांगोळीचा फोटो तारखेसकट फोनमध्ये होता. सर्व्हिसिंगनंतर तिसऱ्याच दिवशी तेल गळत होते, ह्याचा तोच पुरावा.

नोटिशीत मी ते दोन किलोमीटरही लिहिले. हे चिडले, "आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला?" मी म्हटले, उद्या शपथेवर विचारले तर काय सांगू? शेजारी तुमची आईच बसली होती!

पंधरा दिवसांची मुदत दिली होती. बाराव्या दिवशी फोन आला, आणि ह्या वेळी माझ्याशी बोलणे झाले. त्या दोन किलोमीटरांपोटी अठ्ठावीस हजार आम्ही भरायचे, बाकी सारे त्यांनी, नव्या भागांच्या वॉरंटीसकट, आणि हे सगळे लेखी. ह्यांना आयोगापर्यंत जायचे होते. मी सही केली. घरात दोन दिवस थोडे धुसफुसले, मग निवळले.

आता सर्व्हिसिंगहून गाडी आली की सासूबाई स्वतः तिच्याखाली जुने वर्तमानपत्र पसरतात. परवा त्यावर चांगला रुपयाएवढा ओला डाग दिसला. त्यांनी अशी काही हाक मारली की आम्ही दोघेही हातातले टाकून धावलो. ह्यांनी बोट लावून वास घेतला. एसीचे पाणी होते!