मुठीमुठीने उभी राहिलेली मंडळी

वाचकहो, ‘मंडळी’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो. घरची मंडळी, वऱ्हाडाची मंडळी, ‘या मंडळी, बसा’. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक तोच शब्द चर्चसाठीही वापरतात. इमारत ते देऊळ किंवा चर्च, आणि तिथे जमणारी माणसे ती मंडळी. दूर झारखंडातले आदिवासी ख्रिस्तीही हाच शब्द बोलतात. ते ‘मंडली’ म्हणतात, एवढाच फरक.

बँकेच्या नोकरीत माझी साडेतीन वर्षे रांचीत गेली. पीककर्जाच्या कामाने खुंटी, गुमला या बाजूच्या खेड्यांत फिरावे लागे. डोंगराळ मुलूख, सालाची जंगले आणि पावसावर पिकणारी भातखाचरे. तिथे मला एका मंडळीची ओळख झाली, गोस्नर इव्हँजेलिकल लूथरन चर्चची. मी त्या धर्माचा नाही. पण शेतकऱ्याचा मुलगा आहे, आणि या मंडळीची गोष्ट मुळात शेतकऱ्यांची आहे. म्हणून ती तुमच्या कानी घालतो.

लूथरन म्हणजे कोण, हे आधी थोडक्यात सांगतो. जर्मनीत मार्टिन लूथर नावाचा एक धर्मगुरू व प्राध्यापक होऊन गेला. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी त्याने पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकण्याच्या चालीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले आणि युरोपात मोठी खळबळ उडाली. देवाची कृपा पैशाने मिळत नाही, ती विश्वासाने मिळते, हे त्याचे म्हणणे. धर्मग्रंथ लोकांना आपल्या बोलीत वाचता यावा म्हणून त्याने बायबल जर्मन भाषेत आणले. ते १५३४ साली पुरे छापले गेले. त्याआधी १५२९ साली त्याने प्रश्नोत्तरांची एक लहानशी पुस्तिका काढली. घरच्या कर्त्या माणसाने ती आपल्या मुलाबाळांना आणि गड्यामाणसांना शिकवावी, असा तिचा हेतू होता. धर्म घरात आणि घरच्या भाषेत पाहिजे, ही लूथरची शिकवण. आपल्या संतांनीही लोकांच्या भाषेचाच आग्रह धरला होता, हे तुम्हाला सांगायला नको.

आता छोटानागपूरकडे वळू. बर्लिनचे पाद्री योहानेस गोस्नर यांनी पाठवलेले चार जर्मन तरुण कलकत्त्याला उतरले होते. तिथे मजुरीला आलेली छोटानागपूरची माणसे पाहून ते त्यांच्या मुलखाकडे निघाले, असे सांगतात. २ नोव्हेंबर १८४५ रोजी ते रांचीला पोचले. पुढची जवळजवळ पाच वर्षे त्यांच्या हाताला काहीच लागले नाही. एकही माणूस त्यांच्या धर्मात आला नाही. शेवटी ९ जून १८५० रोजी चार उराँव पुरुषांनी बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ १८५१ साली मुंडा लोक आले. रांचीचे ख्राइस्ट चर्च १८५५ च्या नाताळात उघडले गेले. १८५७ च्या धामधुमीत या चर्चवर तोफ डागली गेली. त्या माऱ्याची खूण तिथले लोक आजही दाखवतात. साहेबाचा धर्म घेतलेली माणसे म्हणून त्या वेळी या नव्या ख्रिस्ती कुटुंबांना घरेदारे टाकून रानात पळावे लागले.

लोक या धर्मात का आले? कुणी श्रद्धेने आले, कुणी भुताखेतांच्या आणि चेटकाच्या भीतीतून सुटण्यासाठी आले. आणखी एक मोठे कारण होते, ते म्हणजे जमीन. पूर्वजांनी जंगल तोडून केलेली शेते बाहेरून आलेले जमीनदार गिळत होते. वर वेठबिगार होतीच. मिशनऱ्यांमुळे कोर्टात दाद लागेल, शाळा मिळेल, अशी आशा लोकांना वाटली. ती थोडीबहुत खरी ठरली, पण पुरती नाही. कायद्याच्या चौकटीबाहेर जायला मिशनरी तयार नव्हते, आणि जमिनीसाठी लढणाऱ्या सरदारांचे तेवढ्यावर समाधान होत नव्हते. पुष्कळ माणसे मंडळी सोडून गेली. भगवान बिरसा मुंडा लहानपणी चाईबासाच्या लूथरन शाळेत शिकले होते. तेही १८९० च्या सुमारास बाहेर पडले आणि त्यांनी आपला वेगळा मार्ग काढला. ९ जून १९०० रोजी रांचीच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. पहिल्या बाप्तिस्म्याला त्या दिवशी बरोबर ५० वर्षे झाली होती.

बिरसांच्या उठावानंतर १९०८ साली छोटानागपूर काश्तकारी कायदा झाला. आदिवासीची जमीन बाहेरच्याच्या घशात जाऊ नये म्हणून त्यात बंधने घातली गेली. कर्ज देताना आम्हा बँकवाल्यांना हा कायदा अडचणीचा वाटे, कारण जमीन तारण घेण्यावर त्याने मर्यादा येतात. पण गावागावांतून फिरल्यावर कळले की त्या कायद्यामुळेच त्या माणसांच्या पायाखाली अजून जमीन आहे.

तुम्ही म्हणाल, परदेशी माणसांनी आणलेला धर्म, मग या लोकांची स्वतःची ओळख उरली कुठे? मलाही हा प्रश्न पडला होता. त्याचे उत्तर मला त्यांच्या आडनावांत सापडले. लकडा म्हणजे वाघ, एक्का म्हणजे कासव, मिंज म्हणजे मासा, कुजूर म्हणजे एक वेल. ही उराँवांची गोत्रे आहेत. आपल्याकडे जसे देवक असते, तसेच हे. बाप्तिस्मा घेऊन पाच-सहा पिढ्या झाल्या तरी गोत्र सुटलेले नाही. सोयरीक जुळवताना ते पहिल्यांदा विचारतात. आल्फ्रेड नोट्रोट नावाच्या मिशनऱ्याने स्थानिक माणसांना हाताशी धरून बायबल मुंडारी भाषेत आणले. ते १९१० साली पुरे झाले. भजने हिंदीत, मुंडारीत, कुडुखमध्ये आणि सादरीत होतात, मांदर वाजतो. भादव्याच्या सुमारास नवे भात आले की ‘नवाखानी’ होते. नवे धान्य आधी देवापुढे, मग आपल्या तोंडात, ही चाल पूर्वजांची. आता ते धान्य चर्चमध्ये नेतात, इतकेच.

ईस्टरच्या दिवशी तांबडे फुटण्याआधी सारी मंडळी दफनभूमीत जमते. थडग्याथडग्यावर मेणबत्त्या लागतात, गाणी होतात. मुंडा लोक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मृतांवर मोठ्या शिळा ठेवत आले. जिथे आपल्या वाडवडिलांच्या शिळा, ते आपले गाव, असा त्यांचा दाखला. त्या पहाटेच्या अंधारात उभे राहिल्यावर मला वाटले, नाव बदलले, प्रार्थना बदलली, पण वाडवडिलांशी असलेले नाते तुटलेले नाही.

आता मुख्य गोष्ट. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. जर्मनी इंग्रजांचा शत्रू. सरकारने जर्मन मिशनऱ्यांना अटकेत ठेवले आणि मग देशाबाहेर काढले. ७० वर्षे ज्यांच्या आधाराने सारे चालले होते, ते एकाएकी नाहीसे झाले. जर्मनीहून येणारा पैसा थांबला. मागे राहिल्या शाळा, चर्चे, प्रचारक, स्थानिक पाद्री आणि हजारो गरीब शेतकरी. अँग्लिकन चर्चच्या बिशपांनी काही काळ देखरेख केली. राज्यकर्त्यांच्या त्या मोठ्या चर्चमध्ये विलीन व्हायचे, हा सोपा रस्ता समोर होता. काही लोक पूर्वी, १८६९ साली, तट पडले तेव्हा तिकडे गेलेलेही होते. तिकडे गेले असते तर पगाराची, शाळांची काळजी मिटली असती.

पण या मंडळीने तसे केले नाही. १० जुलै १९१९ रोजी तिने जाहीर केले की आमचा कारभार आम्ही पाहू. पाद्री हानुख दत्तो लकडा पहिले अध्यक्ष झाले. भात रोवून पोट भरणाऱ्या, वेठबिगारीतून नुकत्याच सुटू लागलेल्या माणसांनी हे धाडस केले. आजही १० जुलैचा दिवस ते स्वायत्ततेचा म्हणून पाळतात. २०१९ साली त्याला १०० वर्षे झाली.

कारभार पाहू म्हणणे सोपे. पैसा कुठला? इथे घरची लक्ष्मी पुढे येते. चुलीवर भाताचे भांडे चढवण्याआधी बाई त्यातला एक मूठ तांदूळ वेगळ्या मडक्यात टाकते. रविवारी ते तांदूळ मंडळीत जमा होतात. ते विकून आलेल्या पैशातून प्रचारकाचे मानधन, दिवाबत्ती, आजाऱ्याला मदत होते. मी बँकेचा माणूस, हिशेब केल्यावाचून राहवले नाही. मूठ ५० ग्रॅमची धरा. दोन वेळच्या दोन मुठी म्हणजे १०० ग्रॅम. गावात ४० घरे असली तर रोजचे ४ किलो. वर्षाचे साडेचौदा क्विंटल झाले की! आणि घरात कुणाचे पोट उपाशी राहिले नाही.

सातारा जिल्ह्यातल्या वाचकांना इथे काही आठवले असेल. त्याच १९१९ साली, तीन महिन्यांनी, ४ ऑक्टोबरला कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिथेही घरोघरच्या आयाबहिणींनी मुष्टिफंडात मूठमूठ धान्य टाकले आणि गरिबांची पोरे शिकली. मी रयतच्याच शाळेत शिकलो. म्हणून रांचीकडच्या खेड्यात ते मडके पाहिले तेव्हा परके वाटले नाही. या दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. पण गरिबाला स्वतःचे काही उभारायचे झाले तर त्याच्याजवळ मूठभर धान्याखेरीज काय असते?

२०१० साली त्या भागात पावसाने दगा दिला. रोपे खाचरातच वाळली. मी ज्या गावात कर्जाच्या कामाने गेलो होतो, तिथे चर्चपुढच्या झाडाखाली पंचांची बैठक चालली होती. एक वयस्क पंच म्हणाले, ‘यंदा मूठ बंद ठेवू. लोकांच्याच घरात दाणा नाही.’ बोलणे वावगे नव्हते. पुरुषांनी माना डोलावल्या. तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी उठली. सादरीत ती जे बोलली, त्याचा मतलब असा, ‘मूठ लहान करा, चिमूट करा. पण मडके पालथे घालू नका. एकदा पालथे घातले की सुनांना ते उताणे करायचे आठवणार नाही.’

यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग ठरले की ज्याला जमेल त्याने चिमूट टाकावी, आणि त्या वर्षीचे तांदूळ न विकता ज्या घरात काहीच नाही तिथे पोचवावेत. प्रचारकाने आपले मानधन सुगीपर्यंत थांबवले. तो स्वतः दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जात होता.

वाचकहो, या मंडळीत सगळे गोडच आहे असे समजू नका. तिथेही पदांसाठी चुरस असते, मुंडा-उराँव असा भेद डोके वर काढतो, तट पडतात, कज्जे कोर्टापर्यंत जातात. आपल्या सोसायट्यांच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला त्याचे नवल वाटणार नाही. शिवाय गावे रिकामी होत आहेत. चहाच्या मळ्यांसाठी आसामात माणसे गेली त्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. आता मुली घरकामाला दिल्लीला जातात, मुले बांधकामावर जातात. पण गेलेली माणसे एकटी पडू नयेत, ही धडपड मला दिसली. आसामच्या मळ्यांत त्यांनी आपल्या मंडळ्या उभ्या केल्या. गाव सोडणाऱ्या मुलीच्या हाती पाद्री चिठ्ठी देतो, ती तिने नव्या गावच्या मंडळीत दाखवायची. परक्या शहरात रविवारी आपल्या बोलीत कुणी तरी विचारपूस करते, आजारात धावून येते. शहरात फसवणुकीच्या किती गोष्टी घडतात ते आपण ऐकतो. त्या चिठ्ठीचे मोल घरी राहिलेल्या आईला विचारावे.

या साऱ्यातून मी एवढेच शिकलो. जर्मन साहेब गेले तेव्हा या माणसांना आपली मंडळी खऱ्या अर्थाने आपली झाली. जोवर पैसा बाहेरून येत होता, तोवर ती दुसऱ्याने दिलेली होती. ज्या दिवसापासून आपल्या मडक्यातली मूठ तिच्यात पडू लागली, त्या दिवसापासून तिच्यावर त्यांचा हक्क झाला, आणि जबाबदारीही आली. लूथरन हे नाव त्यांना जर्मनीतून मिळाले. त्या नावाला छोटानागपूरचा भात त्यांनी स्वतः घातला.

आपल्या गावाकडे एकदा या नजरेने पाहा. मंदिराचा कळस आमदार निधीतून होतो, शाळेची भिंत सरकार बांधते, वाचनालयाची पुस्तके कुणी देणगीदार देतो. हे वाईट नाही, मिळाले ते घ्यावे. पण देणारा उद्या आला नाही तर गावात काय चालू राहील, याचा विचार आज करायला हवा. भजनी मंडळ असो, बचत गट असो की आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याची सोय असो, एखादी गोष्ट तरी घरोघरच्या मुठीवर चालू द्या. आणि वाईट वर्ष आले तर त्या म्हातारीचे ऐका. मूठ लहान करा, पण मडके पालथे घालू नका.